बुटातली रूई

बाबा, परवा सेलूवाला घरी आला होता. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला, काठी टेकत, पण आवाज तसाच, ग्राउंडच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारा. तुम्हाला सांगायला नको, पण लिहायला बसलोच आहे तर नीट लिहितो. सेलूवाला म्हणजे मिलच्या फुटबॉल टीममधला तो सेलूचा गडी, फायनलच्या दिवशी सकाळी तुम्ही मला काढून माझ्या जागी ज्याला घेतलं तो. भिंतीवरचा फोटो त्यानं बराच वेळ पाहिला. मधोमध मांडीवर कप घेऊन तुम्ही बसलेले, भोवती अकरा जण, आणि त्या अकरांत मी नाही. सून चहा घेऊन आली तसा मी सवयीनं सुरू झालो, "ऐक बरं का, माझी जागा खाल्ली ती ह्यांनीच. आमच्या बाबांनी पोटच्या पोराला काढलं आणि ह्यांना घेतलं." ही गोष्ट मी पन्नास वर्षं हसत हसत सांगत आलो. ऐकणारे म्हणतात, बापरे, काय कडक माणूस असेल! मग मी नुसती मान हलवतो. ह्या वेळी मात्र सेलूवाल्यानं कप बशीत आपटला. म्हणाला, "बस झालं आता, मास्तर. किती दिवस त्या मानसाले बदनाम करशीन?" आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून आधी मी घाबरलो, मग हसलो, आणि तो गेल्यावर न्हाणीत जाऊन नळ सोडून मनसोक्त रडलो. वाईट वाटून नाही, बरं वाटून.

सेवाग्रामच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. "तवा मी चुकलो का रे?" मी त्याचं धड उत्तर दिलं नव्हतं. ते आज देता येतं, म्हणून हा कागद घेतला. पण मी पडलो गणिताचा मास्तर. पायऱ्या न मांडता नुसतं उत्तर लिहिलेलं मला चालत नाही, त्यापायी पोरांचे किती मार्क कापले असतील देवाला ठाऊक. तेव्हा पहिल्यापासून मांडतो. तुम्हाला आता कुठं जायची घाई आहे?

मी तेव्हा वीस वर्षांचा, मिलमध्ये बदलीवर. बदलीवर म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी पक्का कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मशीनवर, आत घ्यायचे, सगळेच आले तर आपण घरी. टीममधले आम्ही बहुतेक असेच. चांगला पाय असला की गेटवर जरा आधी हाक यायची, एवढीच त्या पायाची किंमत. त्या वर्षी मात्र मालकांनी सांगून टाकलं की ह्या पावसाळ्यात कप आणला तर फायनल खेळणारे अकराही जण पक्के. गावभर ती बातमी गेली. आईनं त्याच आठवड्यात गिरडला टेकडी चढून बाबा फरीदच्या दर्ग्यावर नवस बोलला. पोरगं पक्कं झालं की लग्न, लग्न झालं की नातू, इथपर्यंत तिनं मनात बांधून ठेवलं होतं. तुम्ही टीमचे मॅनेजर, मी तुमचा मुलगा आणि टीमचा फुलबॅक, मग अडलं कुठं? असंच सगळ्यांना वाटे.

ग्राउंडवर तुम्ही मला पहिल्याच दिवशी झाडलं होतं. मी ओरडलो, "बाबा, इकडं द्या!" आणि तुम्ही शिट्टी फुंकून खेळच थांबवला. "इथं बाबा कोन हाय? बाबा घरी हाय, पोळी खाऊन राह्यला. इथं मॅनेजर हाय. साहेब म्हन." सगळी टीम खदाखदा हसली. संध्याकाळी ही गोष्ट घरी पोचली आणि तुम्ही ताटावर बसले तशी आई तुम्हाला म्हणाली, "साहेब, वरन वाढू का?" तुम्हीही हसले. घरातले बाबा आणि ग्राउंडवरचे साहेब ही दोन वेगळी माणसं आहेत हे मी तेव्हापासून धरून चाललो, आणि तिथंच माझं गणित चुकलं.

तुमचा स्वतःचा खेळ मी पाहिला नाही. ऐकला. घोट्याला चिंधी बांधून अनवाणी खेळायचे, आणि तुमचा पाय लागलेला बॉल पकडताना नागपूरचे गोलकीपर तोंड फिरवायचे म्हणे. तुम्ही शिकले कामठीच्या छावणीत, तरुणपणी तिथल्या मेसमध्ये कामाला होते तेव्हा, त्या गोऱ्या सार्जंटकडून. तो आयरिश होता. त्याला इंग्रज म्हटलेलं खपत नसे, हे तुम्ही दर वेळी सांगायचे आणि दर वेळी तितकेच खूश व्हायचे. त्याच्या गावातही मिल होती, पण कापसाची नाही, जवसाची. जवसाच्या काडीचं सूत काढून ते लोक कापड विणत. "आपन जवसाची चटनी खातो, आन त्या लोकायनं त्याचे सदरे शिवले, सांगा बाप्पा!" हे तुमचं ठरलेलं वाक्य. त्या मिलच्या टीममधून तो वर आला, समुद्रापलीकडच्या एका क्लबानं त्याला नेलं, चार-पाच वर्षं चांगला खेळला, आणि मग गुडघा गेला. तेव्हा त्याच क्लबानं त्याला मॅनेजर केलं. खेळाडूचा मॅनेजर होणं तेव्हा नवीनच होतं, लोक हसले म्हणे, लंगडा माणूस काय शिकवणार. पुढं लढाई झाली, क्लब गेला, आणि तो पलटणीत, सामानाच्या कोठीवर, लागून फिरत फिरत कामठीला येऊन पडला. लाइनीबाहेर छडी घेऊन उभा राही आणि बॉलकडे बघतच नसे. तुम्ही एकदा त्याला कारण विचारलं, तर त्यानं सांगितलं ते तुम्ही आम्हाला आपल्या बोलीत सांगायचे, "बॉल पाह्याले हजार लोकं हायेत. मॅनेजरनं ज्याच्यापाशी बॉल नाई त्याले पाहाव."

त्या सार्जंटची आणखी एक गोष्ट होती, ती तुम्ही क्वचितच सांगायचे. क्लबाचा मॅनेजर झाल्यावर त्यानं आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला टीममधून काढलं होतं. भाऊ पुन्हा त्याच्याशी बोलला नाही. हा इकडे कामठीत, विलायतेची डाक यायच्या दिवशी सकाळपासून कोणाशी बोलत नसे, आणि डाक वाटून झाली की उठून ग्राउंडवर जाई. मग आई म्हणायची, "झालं त्या गोऱ्याचं? जेवा आता."

आता माझं. अंगानं मी तुमच्यावर गेलेला, आडवा नि दांडगा, त्यामुळं कोणी मला विचारलंच नाही. बापाचा पाय आहे म्हणत आणि फुलबॅकला उभं करत. खरं सांगायचं तर सामन्याच्या दिवशी पहाटेपासून मला घास गिळवत नसे. आई म्हणे, खेळायला जायचं आहे, दोन भाकरी खा. मी भाकरी धोतरात लपवून चाळीमागच्या गाईला घालायचो. त्या गाईनं दोन वर्षांत जितकी बाजरी-ज्वारी खाल्ली तितकी मी नाही खाल्ली. मला आवडे ते वेगळंच. जेवणाच्या सुट्टीत गेटजवळच्या कडुनिंबाखाली चार-पाच बदलीवाले जमत, त्यांना मी काडीनं मातीत अक्षरं काढून वाचायला शिकवायचो. सेलूवाला त्यांतलाच. त्याला आपल्या नावाची सही यायला पंधरा दिवस लागले, आणि आली त्या दिवशी त्यानं ती गेटच्या भिंतीवर कोळशानं सात वेळा केली. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणू लागला. मला खेळायचं नाही, हे तीन शब्द मी घरी बोलू शकलो असतो. पण कोणासमोर? तुमच्यासमोर? आणि आईचा नवस? ज्या बापाचं नाव घेतलं की हॉटेलवाला चहा भरून देतो, त्या बापाला पोरगं सांगणार की मला बॉलची भीती वाटते!

मग ते बूट आले. त्या वर्षापासून अनवाणी खेळता येणार नाही असा हुकूम निघाला, आणि टीमच्या तोंडचं पाणी पळालं. अकरांतल्या नऊ जणांनी जन्मात बूट घातलेला नव्हता. मिलनं कामठीहून गोऱ्यांचे जुने बूट पोत्यात भरून आणले, तेही आमच्या पायांपेक्षा दोन-दोन बोटं मोठे. "गोऱ्याचे पाय हायेत का हत्तीचे?" कोणीतरी म्हणालं. बूट घालून चाललो की आम्ही पुढं आणि बूट मागं. तुम्ही जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कापसाच्या गावात राहून रडता कायले? रूई भरा!" पिंजणखात्यातून पोतंभर रूई आली. पुढं भरली, टाचेत भरली, बाजूला भरली. पाय असा गादीत गेल्यासारखा वाटला. त्या आठवड्यात उघाड होती, ग्राउंड वाळलेलं, सगळे छान पळाले. तुम्ही लाइनीबाहेर हात मागं बांधून फिरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही मिलची अक्कल आहे, नागपूरवाल्यांना सुचायची नाही. आम्हा दीडशहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की रूई पाणी पिते. सारा जन्म रुईत गेलेली माणसं आपण!

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी पाऊस झडझडून पडला. आपली काळी माती ओली झाल्यावर काय करते हे बैलालाही कळतं. पाच मिनिटांत एकेका बुटाला शेर-दीड शेर चिखल लागला, आणि आत रुईनं पाणी पिऊन घेतलं. पाऊल उचललं की पचक, टाकलं की पचक. नागपूरची टीम आपल्या मापाच्या बुटांत आमच्या आजूबाजूनं पळत होती आणि आम्ही भाताच्या रोवणीला उतरल्यासारखे उभे. लोक हसून हसून लोळत होते. हाफटाइमच्या जरा आधी त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला, आणि दुसऱ्या क्षणी तो मागं गेलेला होता नि गोल झालेला होता. हाफटाइमला आम्ही बुटांतून रुईचे काळे बोळे उपसून लाइनीवर ढीग लावला. तुम्ही स्वतःचं धोतर फाडलं, पट्ट्या केल्या आणि खाली बसून एकेकाचा बूट पायाला आवळून बांधला. माझाही बांधला. तेव्हा तुम्ही वर पाहिलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये आपण दोन गोल केले आणि फायनलला गेलो, पण गावात आठवडाभर चर्चा रुईचीच. पोट्टे मॅनेजरला पाहून पचक पचक आवाज काढत.

फायनल आपल्याच ग्राउंडवर, बाजाराच्या दिवशी. सकाळी तुम्ही सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलावलं आणि अकरा नावं वाचली. माझं नाव नव्हतं. माझ्या जागी सेलूवाला. कोणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, पोरगं राह्यलं." तुम्ही कागदाची घडी केली आणि म्हणाले, "वाचलं तेच हाय. चला." बस, इतकंच. मी खाली मान घालून निघालो. मागं कुजबूज ऐकू आली. रूई भराले सांगतलं यानं, आन शिक्षा पोट्ट्याले! चोर सोडून संन्याशाले फाशी! तुम्हालाही ती ऐकू आली असणार, तुम्ही वळले नाही. मी तिथून बाजाराकडे गेलो. बाजारात मी काय केलं ते शेवटी सांगतो. पन्नास वर्षं झाकलं, आणखी दोन पानं झाकल्यानं काही बिघडत नाही.

दुपारी घरी आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. आईनं तुमच्यापुढं ताट ठेवलं, माझ्यापुढं ठेवलं आणि तोंड सोडलं. "पोटचं पोरगं दिसलं नाई का तुमाले? परक्याच्या पोट्ट्याले पक्कं कराले निघाले! चूक कोनाची, रूई कोनाची, आन भोगाव कोनं?" मी पडल्या तोंडानं म्हणालो, "मले भूक नाई." आईनं माझ्याकडं पाहिलं, ताटावर ताट झाकलं आणि म्हणाली, "पोरगं उपाशी हाय त मीबी नाई जेवत." तुमच्या हातात पहिला घास होता. तो तुम्ही ताटात ठेवला, हात धुतले, शिट्टी गळ्यात घातली आणि सामन्याला गेले. आपण एक गोलनं जिंकलो. सेलूवाल्याच्या अंगावरून एक बॉल पलीकडे गेला नाही. मी दूर बैलगाड्यांच्या मागं उभा राहून घसा बसेस्तोवर ओरडलो, आणि बाबा, फुटबॉल हा किती सुंदर खेळ आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दिवेलागणीला तुम्ही गळ्यात हार घालून घरी आले. आईनं मान वर केली नाही. कप फळीवर ठेवला, हार खुंटीला अडकवला आणि ताट तसंच झाकलेलं ठेवून तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडले. आई पुढं आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही.

त्या आठ दिवसांतच एकदा तुम्ही सायकल काढून वर्ध्याला गेले आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगचा फॉर्म घेऊन आले. फळीवर कपाखाली ठेवला. म्हणाले, "भरून टाक. तारीख निंघून जाईन." आई भडकलीच, "टीममधून काहाडलं, आता घरातूनबी काहाडता का?" मलाही तसंच वाटलं, की मॅनेजरनं बिनकामाचं पोरगं वर्ध्याला रवाना केलं. वाटलं, पण फॉर्म मी त्याच दुपारी भरला, एक रकाना चुकवला नाही. पुढं चौतीस वर्षं पोरं शिकवली. एका दिवशीही शाळेत जाताना भाकरी गाईला घातली नाही. ट्रेनिंगचं मी घरात कधी काढलं नव्हतं, मग हा फॉर्म तुम्हाला सुचला कुठून, हा साधा प्रश्न मला चौतीस वर्षांत पडू नये? मास्तर म्हणवतो स्वतःला!

फायनलनंतर चार वर्षांनी सेवाग्राम. तुम्हाला दम लागायला लागला होता, बसूनच झोपायचे. मी शनिवारी शाळा सुटली की यायचो. त्या दिवशी व्हरांड्यात ऊन आलं होतं, मी तुमच्यासाठी संत्रं सोलत होतो. तुम्ही एकदम म्हणाले, "तवा मी चुकलो का रे?" तवा म्हणजे कधी हे दोघांनाही माहीत होतं. मी संत्र्याच्या शिरा काढत राहिलो आणि म्हणालो, "जाऊ द्या बाबा. झालं गेलं." तुम्ही फोड तोंडात घेतली नाही, हातातच धरून ठेवली. मला वाटलं, मी किती मोठ्या मनानं बापाला माफ केलं! घरी येताना सायकलवर स्वतःलाच शाबासकी देत आलो. पुढच्या शनिवारी तुम्ही नव्हते.

आणि परवा सेलूवाला माझ्या सुनेसमोर, माझ्याच खुर्चीवर बसून मला सांगतो, "फायनलच्या सकायी मॅनेजर माह्या खोलीवर आलते. म्हनाले, आज तू खेळशीन. म्या म्हनलं, साहेब, ते मास्तरची जागा हाय. त म्हनाले, त्याले नाई पायजे ते जागा. दोन सालापासून पाहून राह्यलो. बॉल आला का पोट्टा बॉल पाहत नाई, आपले पाय पाह्यते. रूई अकराही जनाच्या बुटात होती, पन बॉल आल्यावर बाजूले सरला तो एकटाच."

मी हातातली बशी खाली ठेवली. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी स्वतःलाही मोठ्यानं सांगितली नव्हती. हो, सरलो होतो. रूई नव्हती ती, चिखल नव्हता. तो फॉरवर्ड आला आणि मी वाट दिली.

"म्या म्हनलं, मंग त्यालेच इचारा न साहेब," सेलूवाला पुढं सांगत होता. "त म्हनाले, इचारलं त तो नाई म्हनन. माह्या तोंडाकडे पाहून जनमभर खेळन. तुले त्यानंच सही शिकवली न निंबाखाली? तवाचं त्याचं तोंड पाह्यलं होतं का? तसं तोंड गिरौंडवर कधी दिसलं का तुले? म्या म्हनलं, नाई. त म्हनाले, हां. मंग मले म्हनाले, कोनाले सांगू नको. पोट्टं भेलं असं झालं त ते त्याले जनमभर चिकटन. मॅनेजर येडा झाला असं झालं त लोकं दिवाळीपर्यंत इसरतीन." मी विचारलं, "मग मले काऊन नाई सांगतलं तू?" तर म्हणतो, "पोराले सांगू नको म्हनलं होतं त्यायनं." "मग आज काऊन सांगतलं?" "पोरगं कुठं राह्यलं आता? शहात्तर वर्षाचा बुढा झाला तू!" सून हसली, मीही हसलो, आणि तो काठी घेऊन उठला. जाताना फोटोसमोर थांबला आणि तुम्हाला हात जोडले.

तेव्हा बाबा, तुम्ही त्या दिवशी माफी मागत नव्हते. तुम्ही उत्तर तपासून घेत होते. आपण पोराला नीट वाचलं की चुकीचं वाचलं, एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि त्या सार्जंटाचा भाऊ तुमच्या मनात असणार, आणि मी तुम्हाला म्हणालो, जाऊ द्या! ह्याचं वाईट वाटतं, नाही कसं म्हणू. पण त्याहून मोठं ओझं उतरलं. जन्मभर मला वाटे की मी तुमच्यापासून एक लबाडी लपवली आणि बिचाऱ्या बापाला ती कळली नाही. तुम्हाला सगळी कळली होती. ज्याच्यापाशी बॉल नाही त्याला तुम्ही पाहत होते, कडुनिंबाखालीसुद्धा. तुमच्यासमोर मी कधी चोर नव्हतोच, म्हणजे आता कशाला राहू? उत्तर लिहितो, खाली दोन रेघा ओढतो. तुम्ही चुकले नव्हते, बाबा. बरोबर होतं, अगदी बरोबर होतं.

हा कागद कुठं टाकायचा नाही. घडी करून फोटोच्या मागं खोचून ठेवतो. सुनेनं झाडताना काढला आणि वाचला तर वाचू दे, तिनंही एवढी वर्षं माझी गोष्ट ऐकून घेतली आहे. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी ते बाजाराचं तेवढं राहिलं.

अकरावं नाव वाचून झालं आणि माझं आलं नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. निंबापासून बाजारापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो. सामन्याच्या दिवशी, दोन वर्षांत पहिल्यांदा, मला भूक लागली होती. हलवाई नुकती कढई चढवत होता. अर्धा शेर जिलबी घेतली, गरम, पाक गळणारी, आणि गाड्यांच्या आडोशाला उभ्या उभ्या एकट्यानं संपवली. वर द्रोण चाटला. मग हौदावर तोंड धुतलं, चेहरा पाडला आणि घरी आलो. भूक नाही म्हणालो ते खोटं नव्हतं, बाबा. माझं पोट तुडुंब भरलेलं होतं. उपाशी राहिले ते तुम्ही आणि आई.